उंच कॉलर

ता. ३ जून

चि. भिंगरीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. शाळा उघडायच्या आधी शिंप्याला जेवायलाही सवड नसते. त्यात तुझं पत्र वाचल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. परवा एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

मानेवर काळा पट्टा आलाय, घासून जात नाही, म्हणून शाळेच्या शर्टांना उंच कॉलर लावा आणि आईला सांगू नका, असं तू लिहिलंस. मला वाटलं, मी लावलेल्या निळ्या कॉलरचाच रंग उतरला. तडक कापडवाल्याकडे गेलो आणि चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. तो म्हणाला, मास्तर, निळा रंग उतरून मान काळी कशी होईल? तेव्हा मी आणखी ओरडलो. घरी आल्यावर मात्र तेच डोक्यात घोळायला लागलं.

शिवाय तू पाठवलेलं कंबरेचं माप वाढलंय आणि तूच लिहितेस की रात्रीचं जेवण सोडलंय. ही दोन्ही मापं एका अंगाला बसत नाहीत, पोरी. मी चौथी पास, मला यातलं काय कळणार? डॉक्टरला कळेल. आईला सांग. तोवर मी कॉलर शिवणार नाही. अबोला धरलास तर सोसेन, पण फार दिवस धरू नकोस.

तुझे आजोबा

ता. २१ जून

ती. आजोबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी फाडणारच होते. मग तेच आईच्या हातात दिलं, कारण तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता. पाळी कित्येक महिने येत नाही आणि हनुवटीवर केस येतात, हेही त्याच झटक्यात सांगून टाकलं. आई आधी ओरडली, मग रडली, मग चपला घालून दारात उभी राहिली.

डॉक्टरबाईंनी मान बघितली आणि म्हणाल्या, आधी घासणं बंद कर, हा मळ नाही. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. माझं शरीर इन्सुलिनचं नीट ऐकत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं आणि बाकीच्या हार्मोन्सचाही तोल जातो. पट्टा, पाळी, केस, वजन, सगळी एकाच घरातली भावंडं! मधुमेह नाही, आजोबा. वेळेवर आलात, म्हणाल्या. उपाशी राहायचं नाही, नीट जेवायचं, रोज चालायचं, पुरेसं झोपायचं, एक गोळी घ्यायची. पट्टा हळूहळू फिका होईल. अशा मुली त्यांच्याकडे रोज येतात. मला वाटायचं, जगात मीच एकटी अशी.

आई माझ्याबरोबर चालायला येते आणि कोपऱ्यावरच धापा टाकते. कापडवाल्याची माफी मागा. आणि कॉलर नेहमीसारखीच लावा.

तुमची भिंगरी

ता. ३० जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि जीव भांड्यात पडला. मशीन तसंच सोडून दुपारी ढाराढूर झोपलो. गिऱ्हाईक दार वाजवून परत गेलं म्हणे.

कापडवाल्याकडे गेलो. त्याने आधी तू कशी आहेस ते विचारलं, मग मला माफ केलं आणि तेच निळं कापड गळ्यात मारलं. त्याच्याच कॉलरी लावल्या आहेत, साध्या, मान मोकळी राहील अशा.

आता नवी काळजी. गोळी जेवणाआधी की नंतर? चालताना रस्त्यात कुत्री नाहीत ना? पाळीचं आजोबांनी विचारू नये, पण काळजी करायला कोण अडवतंय? आईला दोन ओळी लिहायला सांग.

कंबरेचं माप पुन्हा पाठव. घेताना श्वास आत ओढू नकोस, सुखाने उभी राहा. शिवणीत जादा कापडाची माया सोडून ठेवतो, पुढेमागे माप वाढलं काय, उतरलं काय, चालेल. माझी माया तर आहेच, पण तिला खुराक पत्राचाच लागतो. कात्री हातात धरून वाट बघतोय, लगेच कळव.

तुझे आजोबा