मिरजेचा भोपळा

तबूक (सौदी अरेबिया), ५ जानेवारी २०२४

ती. अब्बांस,
इफराचा सलाम वि. वि.

मी खुशाल. हॉस्पिटलची ड्युटी सुरळीत. तुमच्या तंबोऱ्यांच्या दुकानातून सुटून इथवर आले, तरी तारेने पाठ सोडली नाही! आमच्या गच्चीला लागूनच्या बंगल्यात लान नावाची व्हिएतनामी मुलगी घरकाम करते. घरचे दुपारी झोपले की गच्चीवर कपडे वाळत घालता घालता ती तिचं दान बाऊ हे भोपळ्याचं वाद्य वाजवते. तार एकच. कांडी वाकवली की तोच सूर माणसासारखा गळा काढतो. तिकडे गाण्याला याची साथ असते. पोरींनी मात्र ऐकू नये म्हणतात, मन घरात राहत नाही.

तिचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आणि फोन मालकिणीकडे. बाहेर जायची बंदी. रोज सूर कानावर आला की पोरगी ठीक आहे एवढं कळतं. तार गंजलीय आणि आवाज अगदी बसका, भोपळ्यात चिंध्यांचा बोळा कोंबलाय. काही कराल?

तुमची इफरा

मिरज, २८ जानेवारी

चि. इफरास,
अब्बांच्या अनेक दुवा.

चिंध्या? भोपळा आहे की उशी? तुमच्या हॉस्पिटलात रुजू व्हायला निघालेल्या शोभनाबरोबर पोलादी तार आणि चार वर्षं वाळवलेला लहान भोपळा धाडतोय. बोळा अजिबात घालू देऊ नकोस. कोंडलेल्या आवाजाचं वाद्य या उस्मानच्या दुकानातून बाहेर पडत नाही, सांग तिला. कसं वाजलं ते लगेच कळव. अम्मी बरी आहे.

तुझे अब्बा

तबूक, २० फेब्रुवारी

ती. अब्बांस,
सलाम वि. वि.

कसं वाजलं विचारलंत. लान आधी नकोच म्हणत होती. मी तुमचं वाक्य ऐकवलं, हट्टाने भोपळा बसवून घेतला. पहिलाच सूर अख्ख्या गल्लीत घुमला. मी टाळ्या वाजवल्या, अब्बा. तेवढ्यात खाली दार उघडलं. लानने तारेवर हात दाबला. पण भोपळा तुमच्या हातचा, घुमत राहिला.

त्याला अकरा दिवस झाले, सूर कानावर नाही. कपडे आता मालकीणच वाळत घालते. मी व्हिएतनामच्या वकिलातीत फोन केला, तर पूर्ण नाव विचारतात. मला लान एवढंच ठाऊक. काल कचऱ्याच्या पेटीपाशी भोपळा फुटलेला सापडला. तार नव्हती.

बोळा तिने आवाज लपवायला घातला होता. तुम्हाला तारेतलं एवढं कळतं, मला माणसांतलं कळायला हवं होतं. मला माझीच लाज वाटते.

माझ्यावर लोभ आहेच, यंदाच्या दुवा मात्र लानच्या नावाने मागा.

इफरा