पेटीतली लाख

आबा, तुमची बाजाची पेटी दुरुस्त करून आणली. तुम्ही असता तर हात लावू दिला नसता, म्हणून तुम्ही गेल्यावर बारा वर्षांनी लावला. भाता उंदरांनी कुरतडला होता. पेटी वाजायची कमी, धापा टाकायची जास्त. पौडाला एस्टीत चढले तर कंडक्टर म्हणतो, टपावर टाका. म्हटलं, आधी तू बस टपावर. पुण्यापर्यंत मांडीवर घेऊन गेले, पायांना मुंग्या आल्या.

कारागिरानं पेटी उघडली आणि हसायलाच लागला. एका पट्टीखालच्या पितळी जिभेवर लाखेचा गोळा. "मावशी, ही कुणी लावली?" मी न बघता ओळखलं. विळ्याची मूठ हलली की तुमची लाख, माझ्या लाकडी बाहुलीची मान मोडली तरी लाख. तो म्हणाला, या गोळ्याच्या भारानं सूर उतरलाय, किती वर्षं वाजतीय अशी? म्हटलं, माझ्या जन्माआधीपासून. त्यानं लाख खरवडली, पट्टी दाबली, सूर वर चढला, आणि मला असा राग आला तुमचा! डोळ्यापुढं आलं, मी नऊ वर्षांची आहे. गुरुवारचं भजन चाललंय. ओळीत त्याच पट्टीचा सूर येतो त्या जागेला मी वर जाते, बाकी सगळे पेटीबरोबर खाली. तुम्ही भाता थांबवता आणि सगळ्यांदेखत म्हणता, "तुझ्या गळ्यात सूरच न्हाई. टाळ धर अन् तोंड मिट." आबा, तेव्हापासून भांडण सोडून कशालाच मी आवाज चढवला नाही. लग्नात नावसुद्धा पुटपुटत घेतलं.

पेटी माझ्याकडं आल्यापासून भजन माझ्याच पडवीत बसतं. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या गुरुवारी ती जागा आली, पेटी वर गेली आणि सगळं मंडळ उतारावरच्या गाडीसारखं खाली घसरलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा घसरले. तुमचे थोरले चेले, आता तोंडात दात नाही, मला म्हणाले, "पोरी, चांगली पेटी बिघडवून आणलीस." मी चुलीपुढनं उठले. दारात उभी राहून ती ओळ म्हटली. पेटी आणि मी, बरोबर एका जागी. मग चेले म्हणाले, "बसतंय खरं. पर आमी आता लाकडं म्हसणात गेलेली माणसं, नवा सूर कुटं शिकू? लाव परत लाख."

"लावायची न्हाई. चहा पायजे आसंल तर नीट म्हणा."

आता दर गुरुवारी चहाला लई उशीर होतो. पण मीही त्यांच्यात बसून गाते.

हा कागद कुठं पोस्टात टाकायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. परवा बांधावर गवत कापताना तीच ओळ तोंडात आली. आसपास कुणी नाही ते बघून घेतलं, आणि तुम्ही म्हणायचा तशीच घसरून म्हटली. दोनदा.