काळ्या टेपचा इलाज

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. कुमासी शहराच्या या गॅरेज-वस्तीत खरं इंजिन कळणारा माणूस आता मीच उरलोय, हे कुठेतरी नोंदलेलं बरं.
दिवसभरात एक ट्रक थांबला. पत्ता विचारायला.
समोरच्या शेडमधल्या डाबोने गाडीचा बिघाड सांगणारा स्कॅनर घेतलाय. डाबो आणि मी एकाच उस्तादाचा मार खाऊन शिकलो. आता तो गाडीला वायर जोडतो आणि टीव्ही बघितल्यासारखा बघत बसतो. मी इथूनच ओरडून विचारलं, काय रे, मॅच कोण जिंकतंय? तो म्हणाला, तुला काय, तुझी तर कायमची सुट्टी! सगळे हसले. माझ्याच विनोदाला असणार.

६ फेब्रुवारी
मॅडम बिरागो आल्या. घाटापलीकडच्या खेड्यात नर्स आहेत. त्यांची जुनी गाडी मीच सांभाळायचो. आता त्यांनी अमेरिकेत वापरून झालेली एक गाडी घेतलीय. स्टिअरिंगमागे इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाय. म्हणाल्या, मास्टर, अडलेल्या बाया याच गाडीतून शहरात आणते, नीट बघा.
नीट बघितलं. बॉनेट उघडलं तर आत प्लास्टिकचं झाकण. त्याखाली इंजिन असावं. आवाज लोण्यासारखा. म्हणजे बिघाड दिव्यातच.
दिव्यावर काळी टेप लावली. छोटी, बेताची. डॅशबोर्ड काळाच, कळतसुद्धा नाही. मॅडमना सांगितलं, सेन्सर शांत केलाय. शब्द कुठून सुचला कोण जाणे. त्या म्हणाल्या, देव तुमचं भलं करो.

७ फेब्रुवारी
सेरवा म्हणाली, तुम्हीही घ्या की ते मशीन. डाबो भाऊजी शिकवतील. बायकोला व्यवसायातलं काय कळतं? मी म्हणालो, वैद्याला नाडी पुरते. ती म्हणाली, नाडी बघायला रोगी तर येऊ देत! आणि कुटलेल्या कंदाचं फुफू वाढलं. खाल्लं. चव लागली नाही. रश्शात आलं कमी होतं. ती म्हणाली, रोजच्याइतकंच आहे.

१० फेब्रुवारी
संकल्प. गाडीतला कॉम्प्युटर शिकायचा. डाबोकडून नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघून.
पहिल्या व्हिडिओतला माणूस फार बोलतो. झोप लागली. पण सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

१४ फेब्रुवारी
मॅडम बिरागोंचा फोन. गाडी चढावर अंगात आल्यासारखी थरथरते म्हणे. मी सांगितलं, पेट्रोलमध्ये पाणी असेल, दुसऱ्या पंपावर भरा. त्यांनी विचारलं, मग दिवा लागला नसता का? मी विचारलं, दिसतोय का? नाही म्हणाल्या. मग झालं तर.
व्हिडिओ नंतर. डेटा संपलाय.

१९ फेब्रुवारी
वाळवंटाकडून येणारी धूळ थांबत नाही. पाने-पकडी पुसून ठेवले. परत धूळ. परत पुसले.
डाबोकडे गाड्या मावत नाहीत. त्याने विचारलं, तुझ्या शेडमध्ये दोन-चार लावू का? मी म्हणालो, लाव. आता माझी शेड भरलेली दिसते. लांबून बघणाऱ्याला वाटेल, मास्टरकडे श्वास घ्यायला फुरसत नाही.

२३ फेब्रुवारी
मॅडम बिरागोंची गाडी टो करून आणली. मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आल्या. कपड्यांवर रक्त होतं. त्यांचं नव्हतं.
त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. घाटात, अर्ध्या चढावर, गाडीचा जोर गेला. बैलगाडीच्या वेगाने चालायला लागली, मग बंद. मागच्या सीटवर बाई, तिला कळा सुटलेल्या. सोबत तिची सासू. रस्त्यावर कोणी थांबेना. शेवटी रताळी नेणारा टेम्पो थांबला. बाळंतपण टेम्पोतच झालं, पोत्यांवर. बाळ रडेना. मॅडमनी उलटं धरलं, पाठ चोळली. रडेना. सासूने गाणं म्हणायला सुरुवात केली, मेल्या माणसासाठी म्हणतात ते. मग रडलं.
दोघं दवाखान्यात आहेत. बरी आहेत.
मी म्हणालो, घाटाचा चढच तसा आहे.
मॅडम गाडीत वाकल्या. नखाने टेप उचकटली आणि माझ्या मनगटावर चिकटवली. हात आपटून नाही, पट्टी लावतात तशी, बोटाने दाबून. म्हणाल्या, मास्टर, हे तुमचं. मग समोर डाबोकडे गेल्या.
टेप चांगल्या प्रतीची आहे. निघताना केस ओढले गेले. दुखायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी
डाबो म्हणतो, एका सिलिंडरची ठिणगी जात होती. दिवा तेच सांगत होता. शेवटी इंजिनाने स्वतःला वाचवायला स्वतःच जोर काढून घेतला. मी म्हणालो, इंजिनाने असं ठरवायचं? तो म्हणाला, हल्ली तेच ठरवतं.
मग म्हणाला, वरचं झाकण काढून देतोस? तुझा हात हलका आहे. दिलं काढून. खाली इंजिन होतं.
सेरवाला काही सांगितलं नाही. तिला माहीत होतं. बाजारात सगळ्यांना माहीत होतं. तिने ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिली.

९ मार्च
डाबोच्या शेडमध्ये सल्लागार म्हणून रुजू झालो. तूर्त ऑइल बदलण्याबाबत सल्ला देतो. प्रत्यक्ष. माझी शेड त्याने पार्किंगला ठेवलीय. दोन शाखा झाल्या म्हणायच्या.
मॅडम बिरागो येऊन गेल्या. सर्व्हिसिंग. मी गाडीखाली होतो. त्यांच्या चपला दिसल्या. थांबल्या, मग गेल्या.

२८ मार्च
एका बड्या असामीची कोरी गाडी आली. बॅटरीवर चालणारी. भर चौकात बंद पडलेली, ट्रकवर घालून आणली. डाबोने वायर जोडली. स्क्रीनवर आलं, परवानगी नाही. दुसरी वायर. परवानगी नाही. कंपनीला फोन लावला, ते म्हणाले, हात लावू नका, राजधानीत आक्राला पाठवा, तिथून परदेशातल्या ऑफिसला विचारू.
डाबोने स्कॅनर मांडीवर घेतला. म्हणाला, हा घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, जन्माची भाकरी झाली.
मला आनंद व्हायला हवा होता. वाट बघितली. झाला नाही.
गाडी निदान सावलीत घेऊ म्हणून दोघांनी ढकलली. हलली नाही. न्यूट्रलमध्ये घालायलाही परवानगी लागते.
मग बाकावर बसलो. डाबो म्हणाला, आता कोणाकडे शिकायचं रे? सल्लागार मी आहे. तळलेलं केळं होतं, अर्धं अर्धं खाल्लं.
संध्याकाळी परत ट्रक आला. गाडी नेली. जागा झाडून घेतली.