हिरामावशीने डबा परत आणला

प्रिय आई,

सप्रेम सलाम.

पत्राची सुरुवात अशीच करायची हे तूच शिकवलंस, म्हणून केली. तू आहेस तिथे पोस्टमन पोचतो की नाही, देव जाणे! तरी लिहायला बसले आहे, कारण आज दुपारी तुझा डबा घरी आला. तोच स्टीलचा, झाकणावर 'लीला' कोरलेला. हिरामावशी स्वतः घेऊन आली. ही बातमी आधी तुला नाही सांगायची तर कुणाला? पप्पा तर इथेच होते, ते नुसते चष्मा पुसत बसलेत.

थांब, लगेच शेवट विचारू नकोस. गोष्ट अर्ध्यात असताना "पण मग काय झालं?" म्हणायची तुझी खोड मला माहीत आहे. आज मी माझ्या चालीने सांगणार आहे.

हिरामावशी आपल्या चाळीत पहिल्यांदा आली तो दिवस आठवतो तुला? करंजाड्याहून पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायला यायची ती. टोपली रिकामी करून, काखेत ब्लाउजपीस धरून दारात उभी राहिली. तू टेप काढलीस, आणि टेपबरोबर तुझं ते दुसरंही सुरू झालं. पप्पा म्हणायचे, "टेप अंगाभोवती असली की गिऱ्हाईक पळून जात नाही, म्हणून हिला शिवणकाम आवडतं." दंडाचं माप घेताना येशूचा जन्म, कंबरेचं घेताना क्रूस, आणि पाठीची उंची मोजेपर्यंत पुनरुत्थान! एकदोन बायकांनी कंटाळून दुसरा शिंपी धरला. हिरामावशीने मात्र शांत उभं राहून सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बाय, तुजा देव चांगला हाय. पन बाही जरा सैल ठेव."

तू इतकी हसलीस की माप पुन्हा घ्यावं लागलं. मैत्री तिथेच जमली.

पुढे ती वाढली डब्यांवर. नाताळला तू करंज्या-चकल्या पाठवल्यास, तर डबा परत आला तो पोपटीच्या मडक्यात शिजलेल्या वालाच्या शेंगांनी भरून, अजून कोमट. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे काय आपल्याला नवीन आहे? निदान चिमूटभर साखर तरी घालतोच आपण. पण हिरामावशीचं सगळंच अघळपघळ. तू वाटीभर दिलंस की ती डबाभर द्यायची. कधी जवळा, कधी नवे तांदूळ, आणि घरात काहीच नसेल तेव्हा मिठागरातलं जाडं मीठ. पप्पा म्हणायचे, सुवार्तेचं पुढचं पुढे, आपल्याला जन्मात मीठ विकत घ्यावं लागणार नाही.

आणि घोडं नेमकं तिथेच अडलं, नाही का?

तू तिला सांगायचीस, तारण ही देणगी आहे. उपासतापासांनी, पुण्याईने, चांगल्या वागण्याने ते कमावता येत नाही. येशूने आपल्या पापांसाठी क्रुसावर जीव दिला, आता आपण फक्त हात पुढे करायचा. दुसऱ्या कुणाला हे ऐकून हायसं वाटलं असतं. हिरामावशीला तो अपमान वाटायचा. नवरा तरुणपणीच गेला, ती मिठागरात पिंडऱ्यांपर्यंत खाऱ्या पाण्यात उभी राहिली, टाचांना भेगा पडल्या, पण दोन्ही मुलगे तिने कुणाच्या दारात न पाठवता वाढवले. ज्या बाईला आयुष्यात कुणी काही फुकट दिलं नाही, तिचा फुकट मिळण्यावर विश्वास कसा बसावा, सांग?

तू येशूशेजारच्या क्रुसावरच्या त्या चोराची गोष्ट सांगितलीस, अगदी शेवटच्या घटकेला ज्याला येशूने आपलं म्हटलं, त्याची. तुला वाटलं, आता हिचं मन विरघळेल. ती उलट चिडलीच! "चोराला पन मिलतं? मंग आमी कोनाचं मूठभर मीठ नाय चोरलं, ते काय येडे?" दोन दिवस ती बाजारातून आपल्या चाळीकडे वळलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली, आणि आल्या आल्या तुला विचारलं की त्या चोराला आई होती का. मला वाटतं, ती गोष्ट तिच्या मनात जी रुतली ती तेव्हापासून.

तिच्या गावदेवीला तू कधी नाव ठेवलं नाहीस, हे मी लहानपणापासून पाहिलंय. तीसुद्धा तुझ्या प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घेऊन बसायची. एवढंच की आमेन म्हणायची नाही. म्हणायची, "मी नुसती तुज्यासंगं बसते."

मग एका वर्षी पावट्याच्या दिवसांत तू तिच्याकडे एक विचित्र मागणं मागितलंस. डबा भरून आला होता, तू तो उघडलास, बघितलंस आणि म्हणालीस, "हिरा, एकदा, फक्त एकदा हा डबा रिकामा परत दे. त्या दिवशी मी समजेन, मी काय म्हणते ते तुला कळलं."

हिरामावशी तुझ्याकडे बघतच राहिली. तुझं डोकं फिरलं की काय, असा चेहरा. "रिकामं भांडं देऊ? माजी सासू सरनावरून उठून येल." असं म्हणाली आणि निघून गेली. पुढच्या खेपेला डब्यात नेहमीपेक्षा जास्त तांदूळ होते. झाकण बसत नव्हतं.

पाळकसाहेब दर वर्षी कापणीच्या सणाला विचारायचे, "लीलाबाई, तुमची ती मैत्रीण कधी येणार?" त्यांचाही हेतू चांगलाच होता. पण तू त्यांना म्हणालीस, "साहेब, कापायचं ते भात. माणूस कापणीला आला का, असं नसतं विचारायचं." पाळकसाहेबांना असं बोलणारी आपल्या मंडळीत तू एकटीच! मला तेव्हा तुझा किती अभिमान वाटला होता, ते सांगायचं राहून गेलं.

एक तक्रार मात्र आहे. पळस्पे फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या अनोळखी बाईलाही तू विचारायचीस, तुम्हाला येशू माहीत आहे का? मग मला कधीच का नाही विचारलंस? मी चर्चमध्ये वाढले, रविवारच्या शाळेत पाठांतराची बक्षिसं आणली, गायनात पहिल्या ओळीत उभी राहिले. तुला वाटलं असेल, ही तर घरचीच. पण घरच्या माणसालाही कधीतरी "जेवतेस ना?" म्हणून विचारावं लागतं, आई. मी पानावर बसले होते, वाढपही करत होते. जेवत होते की नाही, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

असो. रागाने नाही लिहीत. आज तर मुळीच नाही.

मग तुझं दुखणं आलं. पाय सुजले, मशीन बंद झालं, आणि माझी नोकरी सांभाळून स्वयंपाकाचे हाल होऊ लागले. हिरामावशी बाजाराला येताना रोज तुझ्यासाठी पेज आणायची, तिच्या त्या पोचे पडलेल्या जर्मनच्या पातेल्यात. पहिल्याच दिवशी तू अंथरुणातून मला खुणावलंस, पातेल्यात साखर घाल. मी साखरेच्या डब्याकडे हात नेला, तोच हिरामावशी म्हणाली, "मला सांगते रिकामं दे, नं सोता काय करते ही? लीलाबाय, तुला तरी घेता येतं का फुकटचं?"

तू आधी माझ्या हाताकडे बघितलंस. मग हसायला लागलीस, हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता डोळ्यांत पाणी. त्या दिवसापासून पातेलं रिकामं परत गेलं, रोज. संध्याकाळी तू मला म्हणालीस की इतकी वर्षं मी हे दुसऱ्यांना सांगत आले, पण हात पसरायला किती जड जातं ते मला आज कळलं. आई, तुझी प्रवचनं मी खूप ऐकली. लक्षात हेच एक राहिलं.

शेवटच्या दिवसांत तू माझा हात धरून म्हणालीस, "हिराला सांगत राहा." एवढंच. आणि गेलीस! हे काय वागणं झालं? मला काज करता येत नाही, हुक लावता येत नाही, चारचौघांत प्रार्थना करायची म्हटली की मी शेजारणीला पुढे करते. सांगत राहा म्हणे! मी काय सांगणार होते तिला?

तुझ्या मातीला हिरामावशी आली होती. सगळे पांगले तरी ती कबरीपाशी उभी होती. मी जवळ गेले तेव्हा तिने विचारलं, "आता ही कुटं हाय?" मी म्हटलं, येशूजवळ. तिने पुन्हा विचारलं, "नक्की?" मी मान हलवली, पण माझी ती मान जरा उशिराच हलली. तिच्या नजरेतून ते सुटलं नसणार.

बोलता येईना, म्हणून मी आपला डबा पाठवत राहिले. तेवढंच जमत होतं. तुझ्यानंतरच्या पहिल्या नाताळला मी एकटीने करंज्या केल्या. अर्ध्या तेलात फुटल्या, त्यातल्या बऱ्या निवडून तुझ्या डब्यात भरल्या आणि तिला दिल्या.

आणि डबा परत आला नाही.

जो डबा दुसऱ्या दिवशी दारात यायचा, तो आठवडे उलटले तरी येईना. हिरामावशीही बाजारात दिसेना. मासळीवाल्या म्हणाल्या, घरीच असते, बरी आहे. माझ्या मनात नको नको ते आलं. मुलांनी अडवलं असेल का, किरिस्तावांच्या घरी जाऊ नको म्हणून? की तू गेलीस आणि तिच्यासाठी हे घर संपलं? पप्पा म्हणाले, डब्याचं काय घेऊन बसलीस. पण मला डबा कुठे हवा होता? तुझ्या मागे तीच एक उरली होती, जिच्याजवळ बसलं की तू शेजारच्या खोलीत मशीन चालवते आहेस असं वाटायचं.

आज रविवार. चर्चहून येऊन मी कुकर लावत होते. दारात हिरामावशी. वाळली आहे थोडी. डबा तिने पदरात गुंडाळून छातीशी धरला होता. राखेने घासून इतका लखलखीत केलेला की तुझं नाव वाचायला दिवा नको. तिने तो माझ्या हातात ठेवला, आणि हात एकदम वर गेला, कारण डब्याला वजनच नव्हतं. मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती, नव्या सुनेसारखी. मग हळूहळू सांगू लागली. कितीदा तिने तो डबा भरला होता. वाल भरले, काढले. तांदूळ भरले, काढले. एकदा तर डबा घेऊन खाडीपुलापर्यंत आली, आणि आत मूठभर मीठ आहे म्हणून परत गेली. हात ऐकत नव्हते म्हणाली. सून विचारायची, आय, तुमी त्या डब्याशी काय खेलता? ती काय सांगणार!

"तुजी आय माज्या हातची पेज पीत व्हती ना, तवा मी बघायचे," ती म्हणाली. "एवढी देनारी बाय, पन घेताना तिचं तोंड कसं ल्हान पोरीवानी व्हायचं. मला पन तसं घ्यायचं हाय गो. दमले मी भरून भरून."

कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करायचंही मला सुचेना, पप्पांनी उठून केला.

मग तिने विचारलं की येशूला हे कसं म्हणायचं, तुमचे शब्द मला येत नाहीत. आई, तू असतीस तर किती सुंदर सांगितलं असतंस! मला एवढंच सुचलं की मावशी, तुम्ही मला जसं म्हणता तसंच म्हणा. तिने माझ्या हातातून डबा परत घेतला, खाली बसून मांडीवर ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटले.

"देवा, मी हिरा. करंजाड्याची. काय नाय आनलं."

एवढीच प्रार्थना. आणि मग, इतक्या वर्षांनी, स्वतःहून, "आमेन."

पप्पा तेव्हापासून चष्मा पुसताहेत. आणि मी? मीही तिच्याशेजारी डोळे मिटून बसले होते. पाठ असलेली एकही प्रार्थना आठवली नाही. मी मनात म्हटलं, देवा, मी बेबी. लीलाची. मीपण काही नाही आणलं. आई, माझी ती पहिली प्रार्थना. तुझं विचारायचं राहून गेलेलं हिरामावशीने न विचारताच माझ्याकडून वदवून घेतलं.

घरी तिने अजून काही सांगितलेलं नाही. धाकटा मुलगा समजून घेईल म्हणते, थोरल्याचा भरवसा नाही. जाताना मात्र पावलं हलकी होती तिची.

तर आई, हे माझं वचन. मी तिला घाई करणार नाही, पाळकसाहेबांनाही करू देणार नाही. बाप्तिस्मा कधी, घरी कसं सांगायचं, ते तिचं ती ठरवील. सोबत लागली तर करंजाड्यापर्यंत मी तिच्याबरोबर चालत जाईन, आणि थोरला दारात उभा असला तरी मागे फिरणार नाही. तुझ्यासारखं फाट्यावर उभं राहून बोलणं मला जमेलसं वाटत नाही. पण डबा देत राहीन, आणि "फुकट कसं?" असं कुणी विचारलं तर बसवून घेऊन सगळं सांगेन. "आता ही कुठं आहे?" असं पुन्हा कुणी विचारलं, तर माझी मान उशिरा हलणार नाही.

तुझा डबा फळीवर ठेवलाय. सवयीने साखर घालायला हात गेला होता. आवरला.

तुझीच,
बेबी