विसावी घडी

डुलुथ, मिनेसोटा
१२ फेब्रुवारी १९७७

प्रिय एमेट,

तुझं पत्र आणि विमानाचं तिकीट, दोन्ही पोचलं. फ्रिजवर लावून ठेवलंय. येता-जाता दिसतं आणि दर वेळी जीव थकतो. कॅलिफोर्नियात तुझ्या पुस्तकावरच्या टीव्ही मालिकेचा शेवटचा भाग, समोर भरलेलं सभागृह, खरी मोजणीबाई म्हणून मी उभं राहून गॉजच्या घड्या मोजायच्या, तू एक लपवायची आणि सगळ्यांनी हसायचं. कल्पना तुझीच असणार. असले उद्योग दुसऱ्या कुणाला सुचतात?

माझं म्हणशील तर गुडघे गेलेत. सहा आठवडे दारातला बर्फ हटलेला नाही. अजून आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटलात जाते, नव्या नर्सेसना शिकवायला. त्याही मला पाठीमागे मोजणीबाईच म्हणतात. तुझं पुस्तक आलं तेव्हा कुणाला पत्ता नव्हता. सिनेमा आल्यावर दोघी-चौघी हसल्या. टीव्हीवर सुरू झाल्यापासून मात्र चर्चमध्ये कॉफी ओतणारा म्हातारासुद्धा माझ्या बशीत साखरेचे खडे मोजून ठेवतो आणि डोळा मारतो. मीही हसते, काय करणार? मोजणीबाई झालेल्या त्या नटीने माझी चाल अगदी हुबेहूब उचलली आहे. फक्त मी एवढी किंचाळत नव्हते रे.

राग नाही, खरंच. तुझ्या चेष्टांवरच आपण तगलो. कोरियाच्या लढाईतला तो ऑपरेशनचा तंबू, ती अंड्याची पावडर, बाहेर एकामागून एक हेलिकॉप्टर उतरतंय, तू कोपरापर्यंत रक्ताने माखलेला, आणि तरी काहीतरी वाह्यात बोलायचास. माझ्या नर्सेस रडता-रडता फिसकन हसायच्या. मी तुझ्यावर जीव टाकत होते, हे तुला ठाऊक होतं. ओहायोत तुझी बायको वाट बघत होती, म्हणून तो विषय तिथेच राहिला. आता या वयात लिहायला लाज वाटत नाही.

पण ती घडीची चेष्टा, एमेट. जखमी पोराचं पोट शिवण्याआधी मी रक्त टिपायच्या गॉजच्या घड्या मोजायची; आत गेल्या तेवढ्या बाहेर यायलाच हव्यात. आणि तू एक गुपचूप बुटात सरकवून मला तीन-तीनदा मोजायला लावायचास. पुस्तकात तू लिहिलंयस की एकदा हात वर करून म्हणालास, या वेळी मी नाही, आणि शेवटी ती तुझ्याच बुटात निघाली. सिनेमात तेच, मालिकेत तर कितीदा. पण त्या दिवशी ती तुझ्या बुटात नव्हती. तुलाही ते माहीत आहे, नाहीतर पुस्तकात ती तिथे कशाला ठेवली असतीस? वीस गेल्या होत्या, एकोणीस आल्या. तू म्हणालास, "थोरा, आईची शपथ, या वेळी मी नाही घेतली." सगळे आणखीच हसले. मीही हसले. तू त्या पोराच्या पोटात एकदा हात फिरवलास. बाहेर सात जण स्ट्रेचरवर पडले होते. मी म्हटलं, "पुरे झाला चावटपणा. शिव आता." आणि कागदावर वीस लिहिले.

अकरा दिवसांनी, त्याला पुढे पाठवलं होतं त्या टोकियोच्या हॉस्पिटलातून चिठ्ठी आली, मुख्य नर्स म्हणून माझ्याच हातात. त्यांनी पोट पुन्हा उघडलं होतं. घडी सापडली, पण तोवर विष अंगभर भिनलं होतं. डेल हॅगर्टी, वय बावीस. चिठ्ठी घेऊन तुझ्याकडेच आले होते. तू हात धुता-धुता उभ्या-उभ्या झोपला होतास, नळ तसाच चालू. मनात आलं, हा मोडला तर बाकीच्यांना कोण शिवणार? चिठ्ठी ट्रंकेत टाकली. पंचवीस वर्षं ती तिथेच आहे. त्या पोराचं पुढे काय झालं हे तू कधी विचारलं नाहीस. तेव्हा मला ते बरंच वाटायचं. आता वाटत नाही.

मी येणार नाही, तिकीट सोबत परत पाठवते आहे. मागच्या आठवड्यात केंटकीहून ओपल हॅगर्टीचं पत्र आलं. डेलची आई. ब्याऐंशी वर्षांची आहे, अक्षर थरथरतं. पेपरात खरी मोजणीबाई म्हणून माझं नाव वाचून तिने पत्ता मिळवला. दर मंगळवारी मालिका बघते म्हणे. आपला मुलगा शेवटी अशा हसऱ्या माणसांत होता, एवढाच तिला आधार वाटतो. सैन्याच्या तारेत आपल्या हॉस्पिटलचं नाव होतं, कारण मात्र नुसतं 'जखमांमुळे'. ती विचारते, तो नेमका कशाने गेला? आणि तुमच्याकडे असताना तो हसला होता का? हसला होता, भूल देण्याआधी तू त्याला हसवलं होतंस, ते मी आनंदाने कळवीन. दुसरं उत्तरही उद्या लिहिणार आहे, चिठ्ठीसकट. एकोणीस असताना मी वीस लिहिले, हे माझ्या नावाने लिहीन. तुझं नाव तुला न विचारता घालणार नाही. घालू की नको, ते कळव. तोवर पाकीट बंद करत नाही. नको म्हणालास तरी मी समजून घेईन. पण मग शेवटच्या भागातून ती चेष्टा तेवढी काढून टाक. मंगळवारी डेलची आई टीव्हीसमोर बसलेली असेल.

इतक्या वर्षांनीही तुझीच,
थोरा