चोथ्याचं पीठ

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या बहिणीने शेवटी एक काम धड केलं! आपल्या गावच्या कारखान्यात जव उकळून पेयासाठी रस काढला की जो चोथा उरतो, तो मी इथे कंपनीच्या मुख्य प्रयोगशाळेत वाळवून दळला. ते पीठ मिसळून बिस्किटं केली. सगळ्यांनी फस्त केली, साहेबांनी तर खिशातही भरली. आता ते गावच्या कारखान्यात वाळवणीचं मोठं यंत्र बसवायचं म्हणतात. अट एकच, यंत्र रोज पूर्ण भरून चाललं पाहिजे. म्हणजे चोथा सगळाच लागणार.

इथेच माझं घोडं अडलंय. बाबांच्या वेळेपासून रोज सकाळी आपली ट्रॉली कारखान्याच्या फाटकाशी उभी राहते आणि चोथा गोठ्यात येतो. तुझ्या गाई त्यावरच दूध देतात. अडचण होणार असेल तर स्पष्ट सांग, मी साहेबांना नाही म्हणेन. उगाच मोठेपणा करू नकोस, तुला ती खोड आहे. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझी,
धाकटी

२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीने अख्ख्या आळीला वाचून दाखवलं. लहानपणी तू डब्यातलं जेवण वासरांना घालायचीस, आता वासरांचं माणसांना घालतेस. फिटंफाट झाली म्हणायची.

गाईंची काळजी सोड. तेलगिरणीतून पेंड मिळायची सोय झाली आहे, मालकाशी बोलणंही झालं. ट्रॉली भरून भरून माझी कंबर कुरकुरायला लागली होती, सुटलो एकदाचा. आपली टिकली गाय लवकरच व्यायची आहे. तू साहेबांना बिनधास्त हो म्हण. दादावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा

५ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र जोरात चाललंय. पीठ दुकानांत गेलं, पुड्यावर आमच्या प्रयोगशाळेचा शिक्का आहे. सध्या माझे पाय जमिनीवर नाहीत!

पुढच्या आठवड्यात लेकीला घेऊन येते. तिला टिकलीचं वासरू बघायचंय, सारखी तीच भुणभुण. तू हल्ली पत्रात गाईंबद्दल चकार शब्द काढत नाहीस. पेंड मानवली ना त्यांना? रागावला नसशीलच, पण असलास तर आल्यावर रागाव.

तुझी,
धाकटी

११ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ये, जरूर ये. पण आधीच सांगतो, म्हणजे दारात उभी राहून रडणार नाहीस. गोठा रिकामा आहे.

तेलगिरणीची गोष्ट मी रचली होती. नुसत्या कोरड्या वैरणीवर दूध आटत गेलं, आणि अर्धपोटी जनावरांकडे बघवेना. एकेक करून चांगल्या घरी दिल्या. टिकली आणि तिचं वासरू शेवटी गेलं. ती काही केल्या गाडीत चढेना, तेव्हा मला पुढे व्हावं लागलं. माझा आवाज ऐकून निमूट चढली. ते मला सहन होत नाही गं.

तुझ्यावर राग नाही. तुला इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती, त्यात माती कशी कालवू? वहिनी तुझ्या पिठाची बिस्किटं करते, चांगली होतात. मी अजून पहाटेच उठतो. मग काय करावं ते सुचत नाही. लेकीला काहीतरी सांगून समजाव. लोभ कमी करू नकोस.

तुझा,
दादा

२ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही आलो नाही. माझा पायच निघाला नाही. तू खोटं लिहितोयस हे मला कळायला हवं होतं, पण मला यंत्र हवं होतं, म्हणून तेव्हा खोदून विचारलं नाही. साहेबांशी भांडायला गेले, दादाच्या वाट्याचा चोथा बाजूला ठेवा म्हटलं. ते चटकन हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, किती गाई आहेत?

काल कारखान्यातून मुकादमाचा फोन आला. यंत्र बंद पडलंय, चोथ्याचे ढीग आंबायला लागलेत, काय करू म्हणाला. कामाच्या घाईत मी बोलून गेले, त्यात काय, दादाला निरोप धाडा, ट्रॉली घेऊन येईल. मुकादम हळूच म्हणाला, ताई, खड्ड्यात टाकतो.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही, दादा. तरी असावा.

तुझी,
धाकटी