मावशीची पुल्के

ग्वादालुपेची माता प्रसन्न
नानाकामिल्पा, ४ मार्च १९९६

चि. यादिरास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई फोनवर रडत होती. पाचवा महिना लागला तरी तुझी सिगारेट सुटलेली नाही म्हणे. अगं, तू पोटात असताना ती सीमा ओलांडून गेली, द्राक्षमळ्यात राबली, पण असल्या वस्तूला शिवली नाही. तू तिथे जन्मलीस, इंग्रजी शिकलीस आणि एवढंच उचललंस का? बाळाची काळजी वाटते म्हणून बोलते.

त्यापेक्षा आपली घायपाताच्या रसाची आंबवलेली पुल्के पेलाभर घेत जा. दूध चांगलं उतरतं. आमची सून निएवेसही पोटुशी आहे, तिला मी रोज पेला भरून देते.

राग मानू नकोस, माया आहे म्हणून हे बोलणं.
तुझी एउफ्रोसिना मावशी

फ्रेस्नो, २० मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले. बिअर मी केव्हाच सोडली. सिगारेटी दिवसाला पाकिटावरून दोनांवर आल्या, पण त्या दोन काही सुटत नाहीत. दवाखान्यातली नर्स ओतिलिया रागावत नाही, म्हणून तिला खरं सांगते. तुझा सल्ला गंमत म्हणून सांगितला, तर ती हसलीच नाही. म्हणाली, पुल्के म्हणजे दारूच, आईने घेतली की बाळालाही पोचते. मावशी, आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं झालं की गं! निएवेसचा पेला आजच बंद कर. मला तिच्या बाळाची भीती वाटते.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घाल.
तुझी यादिरा

नानाकामिल्पा, ११ एप्रिल

चि. यादिरास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. माझी आई प्यायली, मी प्यायले, आणि ही कालची पोर मला शिकवते! पण मनातली भीती काही जाईना. शेवटी निएवेसला सांगितलं, आजपासून पुल्के नको. तर ती रडायलाच लागली. म्हणाली, सासूबाई, मी ती पहिल्यापासून डुकराला ओततेय. आणि मी शेजारणींना सांगत होते, आमचं डुक्कर किती गुणी, दिवसभर पडून असतं!

पोट धरधरून हसले, मग वाईट वाटलं. पोर मला भिऊन लपवत होती. तूही सिगारेटचं माझ्यापासून लपवलंसच. आता माझ्या धाकाने कुणी काही लपवायचं नाही. ओढलीस तर कळव, ओरडणार नाही.

जिवाला जप.
तुझी मावशी

फ्रेस्नो, ९ मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून एकही ओढली नव्हती. काल नवऱ्याशी भांडले आणि एक ओढली. आईला सांगितलेलं नाही, तुलाच सांगते आहे.

आज ओढलेली नाही. उद्याचं उद्या कळवते.
तुझी यादिरा